कसबा जिंकलेले धंगेकर पुणे लोकसभेला का पडले?

पेठकर_७
रवींद्र धंगेकर नगरसेवक म्हणून अनेक टर्म, मनसेकडून २००९ आणि २०१४ला पुण्यातल्या कसबा विधानसभेला हार, मग २०२३च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसकडून थेट भाजपचा बालेकिल्ला घेतला. पुढच्याच वर्षी लोकसभेला मात्र भाजपच्या मुरलीधर मोहोळांकडून १,२३,०३८ मतांनी पराभव. वंचित बहुजन आघाडीच्या वसंत मोरेंनी मतं खाल्ली असं सर्रास ऐकू येतं. आकड्यांत ते बसतं का?

फॉर्म_वीस
नाही बसत. मोहोळ ५,८४,७२८, धंगेकर ४,६१,६९०, मोरे ३२,०१२. मोरेंची झाडून सगळी मतं धंगेकरांच्या पारड्यात टाकली तरी ९१ हजारांचा खड्डा उरतोच. (मोरेंचं डिपॉझिटही गेलं. ते वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात.)

खड्डा पडला तो कोथरूडमध्ये. मोहोळ तिथलेच, शिवाय माजी महापौर. सहा विधानसभांपैकी फक्त कॅन्टोन्मेंटने धंगेकरांना आघाडी दिली. खुद्द कसब्यातही ते मागे होते. तरी २०१९ला इथेच काँग्रेसचे मोहन जोशी भाजपच्या गिरीश बापटांकडून सव्वातीन लाखांनी पडले होते, हे विसरू नका. त्या हिशेबाने धंगेकरांनी दोन लाखांची तूट भरून काढली.

बूथवाला
सहमत. त्यात यंत्रणेचं गणित धरा. कसब्यात साधारण २७० बूथ, लोकसभेला दोन हजारांच्या आसपास. विधानसभेची खर्चमर्यादा ४० लाख, म्हणजे बूथमागे जवळपास १५ हजार. लोकसभेची ९५ लाख, म्हणजे बूथमागे पाच हजारसुद्धा नाहीत! आत एक पोलिंग एजंट, एक बदली, बाहेर टेबलावर दोघं, असे आठ हजार लोक उभे करायचे. स्कूटरवर फिरून, नावानिशी हाका मारून एक पेठ बांधता येते. वडगाव शेरी ते कोथरूड नाही बांधता येत. तिथे पक्षाचे बूथप्रमुख लागतात, आणि पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराचा खर्च उमेदवाराच्या नावावर चढत नाही. संघटना ज्याची धडधाकट, त्याला हा दुहेरी फायदा.

पेठकर_७
म्हणजे पोटनिवडणूक अपवादच?

फॉर्म_वीस
बऱ्याच अंशी. भाजपच्या हेमंत रासनेंशी सरळ लढत होती. नोव्हेंबर २०२४ला त्याच रासनेंनी कसबा सुमारे १९ हजारांनी परत घेतला.

स्वतः पडताळायचं असेल तर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून तिन्ही निवडणुकांचे फॉर्म २० (बूथवार मतांचे तक्ते) उतरवा. लोकसभेला प्रत्येक विधानसभेचा वेगळा तक्ता असतो. बूथ क्रमांकावरून जुळवू नका, मतदान केंद्रांची फेररचना झाली की क्रमांक सरकतात आणि भलत्याच गल्लीची मतं शेजारी येऊन बसतात. शाळेचं नाव आणि खोली बघून जुळवा. टपाली मतं बूथवार नसतात, शेवटी वेगळी येतात. ती बेरजेतून बाजूला ठेवा.