दुसरीतल्या मुलाचं वाचन अडतंय – मदत हवी आहे

नमस्कार ताई-दादांनो,
माझा मुलगा मराठी माध्यमात दुसरीत आहे. संकलित मूल्यमापन तोंडावर आलंय आणि मला त्याच्या मार्कांपेक्षा वाचनाची जास्त काळजी वाटतेय.

साधे शब्द, काना-मात्रा तो नीट वाचतो. जोडाक्षर आलं की अडतो, आणि त्यातही 'र'. काल 'सूर्य' हा शब्द त्याने 'सूयर' असा वाचला. त्याची चूक मला कळते. रफार दिसतो 'य'च्या डोक्यावर आणि उच्चारायचा मात्र 'य'च्या आधी! चक्र, राष्ट्र, दऱ्या... दर ठिकाणी 'र'चं रूप वेगळं. शब्दाखाली बोट ठेवून एकेक अक्षर लावतो आणि ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरतो. मग पुस्तक माझ्याकडे सरकवतो, "आई, तूच वाच." तीच गोष्ट मी वाचली की मात्र सगळी नीट सांगतो, म्हणजे समजतं त्याला.

गणितात 'सत्तेचाळीस' म्हटलं की ७४ लिहितो, पण ते मण्यांच्या माळेवर हळूहळू जमतंय.

मी रोज संध्याकाळी वीसेक मिनिटं देऊ शकते. तेवढ्यात रफार कसा शिकवावा? चुकलं की लगेच थांबवावं की वाक्य पूर्ण होऊ द्यावं? मे महिन्यात तो आजोळी कणकवलीला असेल. तिथे आजीसोबत वाचता येतील अशा मोठ्या अक्षरांच्या, कमी ओळींच्या गोष्टी सुचवाल का? पहिली-दुसरीला शिकवणाऱ्यांनी तर नक्की सांगा.