आईला घेऊन स्ट्रॅटफर्डला एकच दिवस: घरं बघू की नाटक?

होटगीरोडकर
नमस्कार मंडळी. जूनमध्ये बहिणीकडे बर्मिंगहॅमला चाललोय, सोबत आई. तिकिटं काढल्यापासून तिचा एकच धोशा, शेक्सपिअरचं गाव दाखव. सकाळी निघून रात्री परत, एवढाच वेळ. भावजी म्हणतात शेक्सपिअरचं जन्मघर, त्याच्या बायकोचं माहेर, सगळी घरं करा. बहीण म्हणते नाटक बघा. दोन्ही खिशालाही झेपणार नाही आणि आईच्या गुडघ्यांनाही. आई इंग्रजी वाचते, पण भराभर बोललेलं तिला समजत नाही. कोणी जाऊन आलंय का?

पडद्यामागचा
नाटक बघा. डोळे झाकून नाटक.

मी सोलापुरातला हौशी प्रकाशयोजनाकार. हुतात्मा स्मृती मंदिरात राज्य नाट्यच्या रात्री शिडीवर चढून स्पॉट फिरवणारा माणूस, त्यामुळे माझं मत एकांगीच समजा. मुलगा तिकडे नोकरीला असताना गेलो होतो.

तिथलं मूळ थिएटर 1879 चं, ते 1926 ला जळालं. लोकांनी नाटकं थांबवली नाहीत, गावातल्या सिनेमागृहात केली. 1932 ला नवं उभं राहिलं, तेही एलिझाबेथ स्कॉट नावाच्या बाईंच्या आराखड्यावर. पण त्यात मागच्या रांगेतल्या माणसाला नट काडेपेटीएवढा दिसायचा. म्हणून आतलं सगळं काढून 2010 मध्ये रंगमंच प्रेक्षकांत पुढे आणला, तीन बाजूंनी माणसं. सगळ्यात लांबची खुर्ची पूर्वी रंगमंचापासून 27 मीटरवर होती, ती 15 वर आली. मी आधी वर मान करून दिवेच बघत बसलो. तिन्ही बाजूंना माणसं म्हटल्यावर एका बाजूने टाकलेला उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जाणार. त्यांनी बराचसा वरूनच आणलाय, तोही असा की नटाच्या डोळ्यांखाली काळं पडत नाही. आपल्याकडे एवढ्यासाठी भांडणं होतात ओ!

आणि एक. जुन्या रंगमंचाच्या फळ्या त्यांनी फेकल्या नाहीत, प्रेक्षागृहाबाहेरच्या जमिनीला बसवल्या. लोक कॉफीचे कप घेऊन त्यावरून जातात. मी वाकून हात लावला. सुरक्षारक्षकाला वाटलं माझं काही पडलंय, तोही शोधायला लागला बिचारा.

घरांचं म्हणाल तर ज्या जागी शेक्सपिअर म्हातारा झाला, तिथे आता घरच नाही. 1597 ला त्याने न्यू प्लेस नावाचं मोठं घर घेतलं. पुढे ती जागा गॅस्ट्रेल नावाच्या पाद्र्याकडे गेली. शेक्सपिअरने लावलं म्हणतात ते तुतीचं झाड बघायला लोक यायचे, याला त्रास व्हायचा. 1756 ला त्याने झाड तोडलं. गावाने खिडक्या फोडल्या. मग कराच्या भांडणात 1759 ला घरच पाडलं (ते आधीच एकदा नव्याने बांधलेलं होतं, ते सोडा). झाडाच्या लाकडाचे डबे, पेले वर्षानुवर्षं विकले गेले. सोलापूरच्या नावावर कुठलीही चादर खपते, तसंच. आता तिथे बाग आहे. छान आहे, पण बागच.

भैय्याचौक
दादा, तुमचं सगळं खरं, पण हेन्ली स्ट्रीटवरचं जन्मघर टाळायला सांगू नका. 1847 मध्ये लिलावात निघालं तेव्हा लोकांनी वर्गणी काढून घेतलं, म्हणून आज उभं आहे. आपल्या चौकात डॉ. कोटणीसांचं घर स्मारक म्हणून राखलंय, त्याची किंमत आपल्याला कळायला हवी. बाप हातमोजे करायचा. कातडं, धंदा, भर रस्त्यावरचं घर, असल्या घरातून तो आला हे तिथे गेल्यावर पटतं. मागच्या बागेत रवींद्रनाथांचा अर्धपुतळा आहे, आईंना तिथे बसवा, फोटो काढा. बायकोचं माहेर मात्र सोडा, ते शॉटरीला, मैलभर लांब.

होटगीरोडकर
दोघांचेही आभार. आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "नाटकच बघू, पण कळलं नाही तर?"

पडद्यामागचा
आईंना 'नटसम्राट' माहीत असणारच. ते ज्यावरून सुचलं ते 'किंग लिअर' लागलं असेल तर गोष्ट त्यांना निम्मी पाठ आहे. मॅकबेथ असेल तर शिरवाडकरांचं 'राजमुकुट' वाचून जाऊ दे, ऑथेल्लो असेल तर देवलांचं 'झुंझारराव'. गोष्ट डोक्यात असली की शब्द सुटले तरी चालतात. उलट आई तुम्हालाच समजावतील.

दुपारचा प्रयोग घ्या. रात्रीचा संपेपर्यंत परतीच्या गाडीचं टेन्शन येतं, बर्मिंगहॅमला पोचायला तासभर लागतो. जागा खालच्या मजल्यावर घ्या, कडेची, पाय पसरता येतात. बाजूच्या जागांना नाक मुरडू नका, तिथून नटाची पाठ दिसते आणि पाठीनं अभिनय कसा करतात ते कळतं.

सकाळी भैय्याचौक म्हणतात ते जन्मघर बाहेरून तरी करा. नाटक सुटल्यावर नदीकाठाने सपाट रस्त्याने चर्चला जा, पण बंद व्हायची वेळ आधी बघून ठेवा. शेक्सपिअरचा 1564 चा बाप्तिस्मा तिथलाच, 1616 चं दफनही तिथलंच. थडग्यापाशी जायला देणगी मागतात, ती द्या. दगडावर माझी हाडं हलवणाऱ्याला शाप असं कोरलंय, आईंना वाचायला लावा.

कुठलं नाटक लागलंय ते कळलं की इथे टाका. ओळखीच्या एकाकडे जुनी नाटकं आहेत, 'झुंझारराव' नक्की आहे, आणून देतो.