गटार काँक्रीटचं की गवताचं?

शिवारवाला: आमचं भात बेळगावच्या वडगाव शिवारात, बळ्ळारी नाल्याकाठी. रोप लावून आठ दिवस होतात न होतात तोवर पाणी चढतं. उतरतं तेव्हा रोप कुजलेलं, वर प्लास्टिकच्या पिशव्या. हे सगळं ढगातलंच पाणी नव्हे, निम्मं शहरानं ढकललेलं. हिशेब करा की: गुंठाभर अंगणात 50 मिलिमीटर पाऊस म्हणजे 5,000 लिटर. पूर्वी त्यातलं बरंच मुरायचं. आता पेव्हर म्हणजे फरसबंदीचे ब्लॉक घालून सांधे सिमेंटनं बुजवतात, पाणी गटारातून थेट नाल्यात. नव्या लेआउटमध्ये रस्त्याकडेला उथळ चर काढून हरळी लावा, पार्किंगला पाणी मुरणारे पेव्हर घाला.

टिळकवाडीकर: उघडं गटार झाकायला आमची गल्ली दहा वर्षं भांडली, आणि तुम्ही परत उघडं करा म्हणता! महिन्याभरात कचराकुंडी होणार. डास वेगळेच.

शिवारवाला: अंड्यातून डास उडायला आठवडा तरी लागतो. उतार नीट असेल तर चर दोन दिवसांत कोरडा. सांडपाणी मात्र त्यात सोडायचं नाही. आणि 1924 च्या काँग्रेस अधिवेशनाला काँग्रेस विहीर खणली ती तुमच्याच टिळकवाडीत. मुरलेलं पाणी तुमच्याच विहिरींना लागेल.

साइटवरचा: मुरणारे पेव्हर म्हणजे नुसते भोकाचे ब्लॉक नव्हेत. खाली धुतलेल्या खडीचे थर आणि सांध्यातही बारीक खडीच लागते. ठेकेदार सवयीनं क्रशर डस्ट, म्हणजे खडी फोडताना निघणारी भुकटी पसरतो, की पाणी मुरणं संपलं. एकदा मी स्वतः ती उकरून काढायला लावली, दोन दिवस कोणी माझ्याशी बोललं नाही. काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, तिथे खडीखाली भोकं पाडलेला पाइप हवाच. आणि चर तीव्र उतारावर काढलात तर पाणी मातीच घेऊन जाईल. मध्ये दगडांचे छोटे बांध घाला.

टिळकवाडीकर: सांध्यातला गाळ दरवर्षी कोण काढणार? आणि 2019 च्या ऑगस्टसारखा पाऊस आला तर?

शिवारवाला: तसा आला तर चरही बुडेल, गटारही. मी दरवर्षीच्या जुलैचं बोलतोय. नाल्यातला गाळ तर काढायलाच हवा, त्यावर वाद नाही.

टिळकवाडीकर: मग आधी एखाद्या मंगल कार्यालयाच्या पार्किंगला करून दाखवा. आमच्या दारात नको.

शिवारवाला: चालेल. फक्त सांध्यात सिमेंट भरताना कोणी दिसला तर फोटो काढून इथे टाका.