मदत हवी आहे: मागच्या कार्बन चाकाचे डावे स्पोक पुन्हा पुन्हा सैल पडतायत

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गळ्याशी आलं म्हणून धागा काढतोय. जरा लांबलंय. पण अर्धवट लिहिलं की पहिले दहा प्रतिसाद माहिती मागण्यातच जातात, म्हणून सगळंच सांगून टाकतो.

माझं वजन ८२ किलो. रोड रेस खेळतो. उंची जास्त असल्यामुळे वजन याच्या फार खाली जात नाही. पाच महिन्यांपूर्वी डिस्क ब्रेकच्या सायकलसाठी हौसेनं कार्बनची चाकं बांधून घेतली. रिम ४५ मिमी खोल, एकेक ३५० ग्रॅमची. दोन्ही हब (चाकांचे मधले भाग) मिळून २९०. पुढे २० आणि मागे २० चपटे स्पोक, निपल (स्पोक रिमशी आवळणारे छोटे नट) ॲल्युमिनियमचे. जोडी भरली ११७६ ग्रॅम. काट्यावरचा तो फोटो अजून माझ्या फोनचा वॉलपेपर आहे, म्हणजे बघा.

पहिल्या दिवशी निघाल्या निघाल्या मागून पिंग पिंग असे चार-पाच आवाज आले आणि थांबले. बांधणारा म्हणाला, स्पोकातला पीळ सुटतोय, काळजी नको. पटलं. खरा ताप सुरू झाला साधारण ६०० किमीनंतर. चढावर उभं राहून पेडल मारलं की चाकाच्या दर फेऱ्याला एक ‘टिक्’. घरी येऊन सायकल उलटी केली, चाक फिरवलं, तर रिम उजवीकडे सरकलेली आणि एका जागी चांगला दीड-दोन मिमीचा आउट, म्हणजे फिरताना रिम तेवढी बाजूला डोलते. डावीकडचे तीन निपल तर मी बोटांनी फिरवले. पाना लागलाच नाही!

मेकॅनिककडून आउट काढून घेतला. बारा दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी त्यानं दोन्ही बाजू जरा जास्तच आवळल्या. तरीही तेच. बांधणाऱ्याला फोन केला तर म्हणे, “हलक्या चाकाला एवढं होतंच, महिन्यातून एकदा आउट काढून घेत जा.”

हे खरंच ‘होतंच’ का? तीन आठवड्यांनी शर्यत आहे, शेवटी चाळीस मिनिटांचा चढ. ही चाकं घालून उतरू की नको?

प्रतिसाद

डाव्या निपलांना थ्रेडलॉकर (आटे पक्के धरणारा गोंद) लाव आणि विसरून जा. माझं असंच होत होतं, एका थेंबात काम झालं.

प्रतिसाद

थ्रेडलॉकरनं निपल जागेवर राहील, पण त्यानं स्पोक काही ताठ होणार नाही. दुखणं वेगळं आहे. (हौस म्हणून बरीच वर्षं चाकं बांधतोय, त्या अनुभवावर लिहितो.)

भार पडल्यावर चाकात काय होतं ते आधी बघ. सगळे स्पोक मुळातच ताणलेले असतात. तू बसलास की जमिनीला टेकलेल्या भागातल्या दोन-चार स्पोकांचा ताण कमी होतो, बाकीच्यांत फारसा फरक पडत नाही. चाक पुढे सरकलं की त्यांचा ताण परत येतो. म्हणजे प्रत्येक स्पोक दर फेऱ्याला एकदा ढिला, एकदा ताठ. टायरचा घेर २.१ मीटर धर, म्हणजे किलोमीटरला साधारण ४७५ फेरे. तुझ्या ६०० किमीत प्रत्येक स्पोकानं ही उठाबशी पावणेतीन लाखांहून जास्त वेळा काढली. मुळात ताण भरपूर असेल तर त्यानं काही बिघडत नाही. पण तो इतका कमी असला की स्पोक खाली आल्यावर शून्याला टेकतो, तर त्या क्षणी निपलला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. रस्त्याच्या थरथरीनं तो केसभर फिरतो. पुढच्या फेऱ्याला आणखी केसभर. तुझा ‘टिक्’ बहुतेक तिथलाच, सैल स्पोक क्रॉसपाशी (जिथे दोन स्पोक एकमेकांवरून जातात) शेजाऱ्यावर घासून परत जागेवर बसतानाचा.

आता दोन कामं कर. ताण मोजायचा मीटर कुणाकडून तरी माग, आणि चपट्या स्पोकाचा तक्ता वेगळा असतो तोच बघ, गोल स्पोकाचा नको. मोजण्याआधी टायरची हवा पूर्ण काढ. हवा भरली की टायर रिमला आत आवळतो आणि ताण उतरलेला दिसतो. मीटर नाहीच मिळाला तर क्रॉसच्या वर, रिमच्या बाजूला प्रत्येक स्पोक छेडून ऐक. उजव्या बाजूचे सगळे एका सुरात हवेत, डावे त्यांच्यापेक्षा खाली पण आपापसात जुळलेले. तानपुऱ्याची एक तार उतरली की कानाला कळतंच ना, तसं.

दुसरं, निपलच्या भोकांभोवती टॉर्च मारून बघ. त्यावरून सुका कापूस हलकेच फिरव. कुठे अडकतो का ते सांग.

आणि रिमच्या कागदावर जास्तीत जास्त ताण किती लिहिलाय? हबचे फ्लँज (स्पोक अडकवायच्या दोन्ही बाजूंच्या कडा) मध्यापासून किती अंतरावर आहेत?

धागाकर्ता

काका, मीटर मिळाला. हवा काढून मोजलं. उजवे ११८ ते १२४ किलो. डावे ५२ ते ६०, आणि ते तीन बदमाश तिशीत. रिमची मर्यादा १२०. हबचा उजवा फ्लँज मध्यापासून १७ मिमी, डावा ३५. कापसाचं उद्या दिवसाउजेडी करतो.

पुढचं चाक पण मोजलं, तिथे दोन्ही बाजूंत इतका फरक नाही आणि कुठला स्पोक सैलही नाही.

प्रतिसाद

मग पुढच्याला हात लावू नकोस.

मागचं गणित तुझ्या आकड्यांतच आहे. रिम मध्यावर राहायची तर दोन्ही बाजूंची ओढ सारखी हवी. उजवीकडे कॅसेटला (मागच्या दातेरी चक्रांना) जागा द्यायची म्हणून फ्लँज आत सरकलेला, स्पोक जवळजवळ उभे. डावीकडचे तिरपे. तिरप्या स्पोकाला कमी ताणातही तेवढीच ओढ मिळते, म्हणून डाव्याचा ताण उजव्याच्या १७ भागिले ३५ इतकाच राहणार, म्हणजे निम्म्याला थोडा कमी. उजवीकडे १२० ची हद्द गाठली तरी डावीकडे ५८. तुझा मीटर तेच सांगतोय!

म्हणजे बांधणाऱ्याचा हात वाईट नव्हता. या हबवर या रिमला डावा ताण याहून जास्त मिळूच शकत नाही. नुसते डावे आवळले तर रिम डावीकडे येते, ती परत मध्यावर आणायला उजवे आवळावे लागतात. तुझ्या मेकॅनिकनं तेच केलं, म्हणून १२४. चुकलं ते सामान निवडताना. ८२ किलोच्या माणसाला मागे २० स्पोक, त्यात रिमची भोकं बरोब्बर मध्यावर. साठ किलोच्या चढवीराला हेच चाक कदाचित वर्षभर कुरकुर न करता चाललं असतं.

भोकं अडीच मिमी डावीकडे सरकवलेली रिम मिळते, ऑफसेट म्हणतात. तीच या हबवर घातली तर १७ चे १९.५ होतात, ३५ चे ३२.५. प्रमाण ६० टक्के. डावा ताण ५८ वरून ७२. चौदा किलो फुकटात. आणखी एक रस्ता म्हणजे उजवीकडे डावीकडच्या दुप्पट स्पोक. कंपान्योलो कंपनीचं जी-३, फल्क्रम कंपनीचं दोनास एक, ती हीच युक्ती. तुझ्या हबच्या मापांवर तसं केलं तर दोन्ही बाजूंचा ताण जवळपास बरोबरीला येतो. पण त्याला हबची भोकंच तशी पाडलेली लागतात, म्हणून तुझ्या कामाचं नाही.

प्रतिसाद

एवढी डोकेफोड कशाला? कार्बन स्पोक घाला. हलकेही आणि ताठही. आता सगळे तिकडेच चाललेत.

प्रतिसाद

जाऊ द्यात की, कुणी अडवलंय. पण स्पोक कशाचा आहे हे त्या १७ आणि ३५ ला कळत नाही, प्रमाण तेच राहणार. उलट ताठ स्पोक तेवढ्याच ताणाला कमी लांबतो, म्हणजे रिम जराशी दबली की तो बारीक पोलादी स्पोकापेक्षा आधी सैल पडतो. डाव्या बाजूला बारीक, लवचिक स्पोक बरा म्हणतात तो यासाठीच. शिवाय काही कार्बन स्पोक हबला चिकटवलेले असतात, एक तुटला की अख्खं चाक कारखान्यात. चांगल्या भूमितीवर कार्बन स्पोक सुंदर चाक देतात, त्याबद्दल वाद नाही. वाईट भूमितीवरचा उतारा तो नव्हे.

धागाकर्ता

कापूस फिरवला. डावीकडे काही नाही, पण दोन-तीन निपलांच्या बुडाशी पांढरी भुकटी दिसते. उजवीकडे मात्र दोन भोकांपाशी तंतू अडकले. टॉर्च तिरका धरला तर भोकाच्या कडेपासून निघालेली केसासारखी रेघ दिसते, एक साधारण चार मिमी, दुसरी त्याहून लहान. दोन्ही रेघा घेराच्या दिशेनं. वरच्या लॅकरचा ओरखडा असेल का हो? तसं असावं असं फार वाटतंय.

प्रतिसाद

वाटणारच. पण दोन वेगवेगळ्या भोकांतून एकाच दिशेला निघालेला ओरखडा मी तरी पाहिलेला नाही. त्या भेगा आहेत, ही रिम संपली. आज रात्रीच चाक काढ आणि भिंतीला टांग. उतारावर निपल रिममधून उपटून बाहेर आला तर पुढचं लिहायला नको.

पांढरी भुकटी म्हणजे ॲल्युमिनियम गंजतंय. कार्बनला ॲल्युमिनियम टेकलं आणि त्यात घाम किंवा पाणी गेलं की बॅटरीसारखा प्रकार होतो, त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. पुढच्या खेपेला पितळेचे निपल घे.

धागाकर्ता

बसलो डोकं धरून. बरं, मग नवीन बांधायचं तर काय घेऊ? आणि वजन किती वाढेल? चाकावरचा एक ग्रॅम म्हणजे फ्रेमवरचे दोन, असं सगळे सांगतात, म्हणून जीव खालीवर होतो.

प्रतिसाद

ते ‘एकास दोन’ फक्त वेग वाढवताना, आणि तेही अगदी रिमच्या कडेवरच्या ग्रॅमला. हबातल्या ग्रॅमला तेवढंही नाही. एका लयीत चढ चढताना चाकावरचा ग्रॅम आणि बाटलीतला ग्रॅम सारखाच.

हिशेब असा. मागे ४१० ग्रॅमची ऑफसेट रिम म्हणजे ६० ग्रॅम वाढले. २४ स्पोक घे, जास्तीचे चार म्हणजे १७ ग्रॅम. चोवीस पितळी निपलांचे साधारण आणखी १७. सगळे मिळून ९४. जोडी १२७० ला जाईल. तू, सायकल, कपडे, बाटल्या धरून किती?

धागाकर्ता

मी ८२, सायकल ७.१, बाकीचं दोनेक. ९१ धरा.

प्रतिसाद

म्हणजे ९४ ग्रॅम हे एक हजारांशाच्या जेमतेम वर. तुझ्या चाळीस मिनिटांच्या चढाला अडीच सेकंद. आउट आलेलं चाक फ्रेमला घासायला लागलं तर याच्या कितीतरी पट एका वळणात जातील. आणि यूसीआयची (सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची) शर्यतीच्या सायकलला ६.८ किलोची किमान मर्यादा २००० सालापासून आहे, तिथवर जाऊनसुद्धा तुला फक्त ३०० ग्रॅमच वाचवायचे आहेत. ते चाकातूनच कशाला?

एक अडचण आधीच सांगतो, नंतर शिव्या नकोत. तुझा हब २० भोकांचा, त्यावर २४ ची रिम बसणार नाही. २४ हवे तर हबही नवा. जुन्या हबवर २० भोकांची ऑफसेट रिमही बांधता येईल, पण ८२ किलोला मी बांधून देणार नाही.

शर्यतीला जुनी ॲल्युमिनियमची चाकं घाल. आहेत ना?

प्रतिसाद

अवांतर: नवी रिम घेताना हुकची (टायर धरायला कडा आत वळलेली) की बिनहुकची ते बघून घ्या. बिनहुकच्या रिमला हवेची कमाल मर्यादा ५ बार असते, आणि आतल्या रुंदीला कुठला टायर चालतो त्याचा तक्ता पाळावाच लागतो. २०२४ च्या यूएई टूर शर्यतीत व्यावसायिक रेसर थॉमस डी गेंटचा टायर रिमवरून निघाला, त्यानंतर या विषयावर किती रणकंदन झालं ते आठवत असेल. ८२ किलोला हवा थोडी जास्तच लागणार, मी तर हुकचीच घेईन.

धागाकर्ता

आहेत, जुनी चाकं आहेत. काल तीच घालून चढ मारून आलो. जड लागली, पण ‘टिक्’ नव्हता. त्या शांततेचीच सवय व्हायला वेळ लागला.

२४ भोकांचा हब आणि हुकची ४१० ग्रॅमची ऑफसेट रिम घेतली. या वेळी काकांच्या भरवशावर स्वतः बांधणार आहे. स्पोकची लांबी काढायला ईआरडी (स्पोकांची टोकं पोचतात तिथला रिमचा व्यास) लागतो ना, तो रिमच्या कागदावर ५५० आहे. मी समोरासमोरच्या भोकांत दोन जुने स्पोक घालून मोजला तर ५४७ आला. तीनदा मोजला, तीनदा ५४७. कुठला धरू?

आणि आट्यांना जवसाचं तेल लावतात हे खरं की कुणी माझी गंमत करतंय?

प्रतिसाद

५४७ धर. ईआरडीत तीन मिमीची चूक म्हणजे स्पोक दीड मिमी लांब, आणि मग ऐन ताण भरायच्या वेळी आटे संपतात. उलट्या बाजूनं चूक झाली तर निपलच्या डोक्यापर्यंत स्पोक पोचतच नाही. फक्त ते जुने दोन्ही स्पोक एकाच लांबीचे होते का बघ. डावे-उजवे वेगळे असतात, तिथे लोक फसतात.

जवसाचं तेल खरंच लावतात. आवळताना ते वंगणाचं काम करतं, आठवड्याभरात वाळून चिकट होतं, आणि निपल सहजासहजी फिरत नाही. आवळताना चपटा स्पोक खाचेच्या पट्टीनं धरून ठेव, नाहीतर तो पीळ खाईल आणि पहिल्या दिवशी पुन्हा पिंग पिंग.

धागाकर्ता

एक डावा, एक उजवा घेतला होता. पुन्हा मोजतो.