पश्चिमेच्या खिडकीला काळी फिल्म लावली, तिसऱ्या आठवड्यात काच तडकली. दुसऱ्या खिडकीला लावू का?

पश्चिमेची खोली (जळगाव)

राम राम मंडळी. आमचा फ्लॅट जळगावात, दुसऱ्या मजल्यावर. हॉलला पश्चिमेकडे सहा बाय चारच्या दोन स्लायडिंग खिडक्या आहेत. मार्चमध्ये बाबांचं खुब्याचं ऑपरेशन झालं. आतल्या खोलीच्या दारातून वॉकर जात नाही, म्हणून तेव्हापासून त्यांचा पलंग हॉलमध्येच आहे. दुपारी तीनपासून साडेसहापर्यंत ऊन थेट त्यांच्या पायांवर. कुलर दिवसभर चालू असतो, तरी खिडकीजवळच्या फरशीवर अनवाणी उभं राहवत नाही. मंगळवारी साडेचारला उशाशी ठेवलेलं तापमापक 41 दाखवत होतं. बाबा तक्रार करत नाहीत, फक्त चादर ओढून पाय झाकून घेतात. ते बघवत नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला एका दुकानातून माणूस बोलावून एका खिडकीला सगळ्यात गडद काळी फिल्म लावून घेतली. जितकी काळी तितकी थंड, असं त्याने सांगितलं. खोलीत अंधार झाला, उकाडा मात्र फारसा कमी झाला नाही. आणि परवा दुपारी पाचच्या सुमारास टण्णकन आवाज झाला. डाव्या कडेच्या मधोमध चीर निघाली होती, दोन बोटं अगदी सरळ, मग नागमोडी वळत वर गेलेली. कोणी दगड मारला नाही, काही आपटलं नाही. दुकानदार म्हणतो काचच खराब होती. पण सात वर्षं हीच काच सात उन्हाळे सोसून उभी होती ना?

दुसऱ्या खिडकीला लावू की नको? शिवाय दर गुरुवारी बाबांना गाडीने भुसावळला फिजिओथेरपीला नेते. संध्याकाळी परत येताना सगळा रस्ता ऊन समोरून येतं. गाडीला फिल्म चालते का? कोणी चालते म्हणतं, कोणी दंड होतो म्हणतं.

केळीबाग (रावेर)

ताई, आमना घरमा बी हाईच व्हतं. फिल्मच्या आधी ऊन बाहेरच अडवा. टिश्यूकल्चरच्या केळीच्या रोपांवर आम्ही जी हिरवी शेडनेट (सावलीची जाळी) टाकतो ती 75 टक्के ऊन अडवणारी घ्या आणि ग्रिलच्या बाहेरच्या अंगाने नायलॉन दोरीने बांधा. काचेला चिकटवू नका, वीतभर अंतर सोडा, म्हणजे मधली गरम हवा वर निघून जाते. माझ्या आईच्या खोलीला तीन वर्षं तीच आहे.

काचकाम (भुसावळ)

ताई, मी सोळा वर्षं हेच काम करतो. घरं, दुकानं, गाड्या, सगळं. तुमची चीर मला न बघताच कळली, कारण तुम्ही नीट बघून लिहिलं आहे. कडेपासून काटकोनात निघून पुढे नागमोडी गेलेली एकच चीर म्हणजे उष्णतेची चीर. दगडाची असती तर एका ठिकाणाहून चारी बाजूंना फुटली असती.

होतं असं. काळी फिल्म ऊन परत फेकत नाही, पिऊन घेते. मग ती आणि तिला चिकटलेली काच, दोन्ही तापतात. काचेचा मधला भाग फुगायला बघतो, पण ॲल्युमिनियमच्या चौकटीत, रबराखाली दडलेली कड त्या मानाने गार असते. ती ताणली जाते. काच कापताना कडेला बारीकसा टवका उडालेला असेल तर चीर तिथूनच सुटते. म्हणजे दुकानदाराचं निम्मं खरं आहे, कडेला टवका असू शकतो. पण फिल्म नव्हती तोवर त्या टवक्याने सात वर्षं त्रास दिला नाही, हेही तितकंच खरं. साधी पाच एमएमची काच, पश्चिमेचं ऊन आणि गडद फिल्म, हे एकत्र बघून त्याने तुम्हाला आधी सावध करायला हवं होतं. मीही सुरुवातीला एका बंगल्याची दोन तावदानं अशीच घालवली होती. नवीन काच स्वतःच्या खिशातून बसवून दिली आणि तेव्हापासून मोजल्याशिवाय फिल्म लावत नाही.

तुमच्याकडे वर छज्जा आहे का? असेल तर अजून एक भर. मे महिन्यात पाच वाजता सूर्य इतका खाली आलेला असतो की दोन फुटी छज्ज्याची सावली काचेवर जेमतेम एक फूट उतरते. वरचा फूटभर सावलीत गार, खालचे तीन फूट उन्हात. एकाच काचेत एवढा फरक पडला की ताण आणखी वाढतो. काचेला लागून जाड पडदा ओढत असाल तर तेही थांबवा, मधे गरमी कोंडते.

आता फिल्म कशी निवडायची ते. काळेपणा विचारूच नका. दुकानात कागद मागा आणि त्यावर टीएसईआर बघा. एकूण उन्हापैकी किती टक्के बाहेर राहतं, तो हा आकडा. उन्हातला जवळजवळ निम्मा भाग डोळ्यांना दिसतच नाही, तो इन्फ्रारेड. साधी रंगवलेली काळी फिल्म दिसणारा उजेड अडवून अंधार करते आणि त्या न दिसणाऱ्या भागाला बरीच वाट देते. म्हणून तुमच्या खोलीत अंधारही झाला आणि उकाडाही राहिला. चांगली सिरॅमिक फिल्म (इन्फ्रारेड अडवणारे बारीक सिरॅमिक कण असलेली) जवळजवळ पारदर्शक दिसूनही काळ्या फिल्मपेक्षा जास्त ऊन अडवू शकते. त्याच कागदावर ती ऊन किती शोषते तेही लिहिलेलं असतं. साध्या काचेवर निम्म्याहून जास्त शोषणारी फिल्म मी लावत नाही.

दुकानात लाल दिव्याच्या पेटीसमोर काच धरून हात ठेवायला सांगतात, त्यावर जाऊ नका. त्या दिव्याचा उजेड म्हणजे ऊन नव्हे. दिव्यापुढे गार वाटणारी फिल्म उन्हात तेवढंच काम करेल असं नाही.

पण रावेरच्या दादांचं खरं आहे, आधी जाळी. तुमच्या एका खिडकीवर दुपारी साधारण हजार वॅटच्या इस्त्रीएवढी उष्णता पडत असते. काचेच्या आत आलेली उष्णता काढायला कुलर झगडतो, बाहेर अडवलेली आतच येत नाही. माझा धंदा फिल्मचा आहे, तरी हे सांगतो.

देवपूरकर (धुळे)

मी आरसा फिल्म लावली आहे, बाहेरून आरशासारखी दिसते. उन्हाला मस्त. शिवाय बाहेरून आतलं काही दिसत नाही.

काचकाम (भुसावळ)

दादा, ऊन परत फेकायला ती चांगलीच, काचही कमी तापते. पण आतलं दिसत नाही ते फक्त दिवसा. जिकडे उजेड जास्त तिकडून आरसा दिसतो. रात्री तुम्ही ट्यूबलाईट लावली की उलटं होतं, रस्त्यावरच्या माणसाला तुमची खोली दिसते. ताईंच्या घरी आजारी माणूस हॉलमध्ये झोपतं, रात्री पडदा लागेलच.

वकीलबाई (अमळनेर)

गाडीचं मी सांगते. मोटार वाहन नियमावलीच्या नियम 100 प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के उजेड आत आला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने 27 एप्रिल 2012 ला काचांवर कुठलीही फिल्म लावायला मनाई केली, टक्केवारी कितीही असो. नंतर नियमच बदलला. 1 एप्रिल 2021 पासून आतल्या बाजूने प्लास्टिकचा थर असलेली सेफ्टी ग्लेझिंग चालते, पण तिने उजेडाची तीच मर्यादा पाळली पाहिजे. सप्टेंबर 2024 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने मर्यादेत बसणारी फिल्म लावणाऱ्यांना दंड करता येणार नाही असं म्हटलं. मात्र तो निकाल केरळचा. आपल्याकडे चौकात अडवलं तर हवालदाराशी वाद घालायची वेळ तुमच्यावर येऊ शकते, आणि गाडीत बाबा असतात. म्हणून गडद फिल्मचा विचारच सोडा. पारदर्शक लावलीच तर बिल आणि फिल्मचा कागद गाडीत ठेवा.

काचकाम (भुसावळ)

वकीलबाईंच्या बोलण्यात एक हिशेब जोडतो. गाडीच्या मूळ काचेतून शंभर टक्के उजेड येत नाही. समजा 80 टक्के येतो. त्यावर 70 ची, म्हणजे 70 टक्के उजेड सोडणारी फिल्म लावली तर आत येणार 56. बाजूच्या काचेला हे नियमात बसतं, पुढच्या काचेला बसत नाही. 70 लिहिलंय म्हणून समोर लावून देतो म्हणणारा फिटर चुकतोय. समोर लावू नका. संध्याकाळी ऊन समोरून येतंच आहे, पण अंधार पडल्यावर ट्रॅक्टरची दिवे नसलेली ट्रॉली दिसायला तीच काच लागते.

भुसावळला गाडी उभी करताना समोरच्या काचेला चंदेरी शीट लावा. निघताना आधी चारही दारं उघडा, दोन मिनिटं काचा खाली ठेवून चालवा, मग एसी लावा. बाबांना त्यानंतर बसवलं तर अजून बरं.

पश्चिमेची खोली (जळगाव)

सगळ्यांचे मनापासून आभार. छज्जा आहे, अगदी दोन फुटी. आणि हो, पडदाही मीच ओढून ठेवत होते, वाटायचं बाबांना बरं वाटेल.

शनिवारी शेडनेट आणली, भावाने ग्रिलला बाहेरून बांधली. काल साडेचारला त्याच उशाशी 38 होतं, कुलर तोच. बाबांनी पाय झाकले नाहीत. आधी मी तेच पाहिलं, तापमापक नंतर.

गाडीला काही लावत नाही, चंदेरी शीट घेतली. आता एकच विचारते. तडकलेल्या खिडकीची काच बदलेपर्यंत तिच्यावरची काळी फिल्म काढून टाकू का?

काचकाम (भुसावळ)

अजिबात काढू नका ताई. आत्ता ती फिल्मच तुकडे धरून बसली आहे. ओढायला गेलात तर काच हातात येईल, आणि खाली बाबांचा पलंग. पलंग तेवढा बाजूला सरकवा आणि ती खिडकी सरकवू नका. काचवाला अख्खं शटर, म्हणजे काचेसकट सरकती चौकट, ट्रॅकमधून उचलून खाली नेईल. नवी काच टफन (भट्टीत तापवून मजबूत केलेली) घ्या, उष्णतेने ती सहसा तडकत नाही. पण ती भट्टीत तयार झाल्यावर कापता येत नाही, म्हणून माप शटर उघडून रबराच्या आतून घ्यायला सांगा, आणि दोनदा घ्यायला सांगा. जाळी लागली आहे, तर फिल्मची घाई नाही. पावसाळा जाऊ द्या, मग बघू.