गाण्यात बंड, पाठीशी सोनी: 'काये त्रेसे' खरंच बंडखोर होते का?

रिकामटेकडा:
कॉलेजात 'काये त्रेसे'चं (म्हणजे 'तेरावी गल्ली') वेड होतं, अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिको बेटावरचा बँड. परवा २००५ ते २०१५ ची त्यांची सगळी गाणी पुन्हा ऐकली आणि जरा हिरमुसलो. भांडवलशाहीवर तोंडसुख घ्यायचं आणि अल्बम सोनीसारख्या बड्या कंपनीकडून काढायचे? त्यांचा गायक रेने पेरेस ऊर्फ 'रेसिदेंते' तर गाण्यातच बजावतो की अडिडास मला वापरत नाही, मीच अडिडासला वापरतोय. पक्ष बदलणारा आपला पुढारी याहून वेगळं काय बोलतो?

चाफेकळी:
आधी तारखा बघा. २३ सप्टेंबर २००५ ला एफबीआयच्या कारवाईत पोर्तो रिकोचे स्वातंत्र्यवादी नेते फिलिबेर्तो ओहेदा रिओस मारले गेले. त्यानंतर काही दिवसांतच यांचं 'केरिदो एफबीआय' (प्रिय एफबीआय) हे गाणं इंटरनेटवर फुकट फिरत होतं. पहिला अल्बम अजून यायचा होता! पोटापाण्याची काळजी असलेला माणूस पदार्पणाच्या तोंडावर एफबीआयला अंगावर घेतो?

रिकामटेकडा:
नाव होणार असेल तर घेतो. बरं, ते सोडा. २००९ मध्ये एमटीव्हीच्या सोहळ्यात रेनेची पोर्तो रिकोचे गव्हर्नर फोर्तुन्यो यांना आईवरून शिवी! ते हजारो सरकारी कर्मचाऱ्यांना घरी बसवत होते, मान्य. पण शिवीने कुणाची नोकरी वाचली?

चाफेकळी:
कुणाची वाचली नसेल, पण यांचा राजधानी सान हुआनचा कार्यक्रम तिथल्या महापौरांनी रद्द केला. त्याच रात्री रेनेच्या अंगावर कोलंबियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष उरिबे यांना टोमणा मारणारा टीशर्ट होता, म्हणून कोलंबियातल्या मानिसालेस शहरातला कार्यक्रमही गेला. फुकटचं बंड म्हणता ते हे?

पेटीवाले नाना:
दोघंही रेनेच्या तोंडाकडे बघत बसलात. अरे, संगीत करणारा त्याचा सावत्र भाऊ एदुआर्दो काब्रा कुणी ऐकणार की नाही? तेराव्या गल्लीतलं घर रेनेचं. एदुआर्दो भेटायला यायचा तेव्हा फाटकावरचा वॉचमन विचारायचा, रहिवासी की पाहुणा? म्हणून एक 'रेसिदेंते' आणि दुसरा 'विसितांते'.

खरी करामत या पाहुण्याची. जो तो रेगेटन या तिथल्या नाचऱ्या रॅपच्या ठेक्यामागे धावत असताना याने 'अत्रेवेते-ते-ते' गाण्यात कुंबिया हा कोलंबियाचा लोकठेका आणला, वर क्लॅरिनेट. ते क्लॅरिनेट काय खट्याळ वाजतं! आणि 'लातिनोअमेरिका' गाण्यात तर तीन देशांच्या तीन गायिका: कोलंबियाची तोतो ला मोंपोसिना, पेरूची सुसाना बाका, ब्राझीलची मारिया रिता. २०११ मध्ये एका रात्रीत ९ लॅटिन ग्रॅमी मिळाली ती काय नुसत्या शिव्यांना?

चाफेकळी:
नाना, चाल मान्य. पण वारा, पाऊस, ऊन विकत घेता येत नाही, हे त्या तिघींच्या तोंडी आहे ते शब्द नसते तर?

रिकामटेकडा:
आणि ते गाणं मात्र विकत मिळतं. :)

पेटीवाले नाना:
मिळतं ना, मी घेतलंय. हेडफोन लाव, मारिया रिता पोर्तुगीजमध्ये सुरू होते तिथपर्यंत ऐक, मग ये भांडायला.