कुसळी गवत : एकच जात की दोन?

प्रश्न (यळ्ळूर) : राजहंसगडाच्या उतारावर दिवाळीनंतर दोन प्रकारची कुसळी गवते दिसली. एक गुडघ्याच्या थोडे वर, झुबक्याने वाढलेले. दुसरे माझ्या डोक्यापेक्षाही उंच. दोन्हींची काळपट कुसळे एकमेकांत गुंतून त्यांना दोरीसारखा पीळ पडला होता. त्यामुळे एकच जात जमिनीच्या कसाप्रमाणे लहानमोठी वाढली आहे की या जाती वेगळ्या आहेत, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर (खानापूर) : बुटके गवत हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस आणि उंच ते हेटेरोपोगॉन मेलॅनोकार्पस असावे. पहिले बहुवर्षायू, जुन्या ठोंबातून पुन्हा फुटणारे, दुसरे वर्षायू. मात्र केवळ उंचीवर विसंबू नका. बिनकुसळाच्या कणिशकाचे (कणसातील छोट्या फुलोऱ्याचे) खालचे तूस, म्हणजे त्याचे कोरडे आवरण, भिंगाखाली धरा : मेलॅनोकार्पसमध्ये त्याच्या पाठीवर मधोमध ग्रंथींच्या बारीक खळग्यांची एक ओळ दिसते आणि ताजे गवत चुरडले तर लिंबासारखा वास येतो. माझ्या मते ही ओळ हीच सर्वांत भरवशाची खूण आहे.

उत्तर (निपाणी) : मेंढ्या राखणाऱ्यांनी दोन्हींपासून सारखेच जपावे. ओले केलेले कुसळ तळहातावर ठेवून पाहा, ते स्वतःभोवती फिरू लागते. याच फिरण्याने बी मातीत शिरते आणि लोकरीतून कातडीतही रुतते. आम्ही गवत निसवण्यापूर्वीच, म्हणजे कणसे बाहेर पडण्याआधी, कापणी उरकतो, कारण कोवळेपणी हा चारा खरोखर चांगला असतो.

प्रश्नकर्ता : सर, आज भिंगातून पाहिले. उंच गवताच्या तुसावर खळग्यांची ओळ स्पष्ट आहे, बुटक्याच्या तुसावर नाही. आपले मनापासून आभार.